गंजाची पारख

जुन्या ल्यूगर पिस्तुलाचा तो खोल, निळसर काळा रंग म्हणजे मुळात गंजच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनच्या डीडब्ल्यूएम कारखान्यात लखलखीत घासलेल्या पोलादी भागांवर आम्लयुक्त द्रावणाचा हात फिरवत आणि ते भाग दमट हवेत ठेवून देत. काही तासांत त्यांवर तांबूस गंजाचा बारीक थर धरे. मग ते उकळत्या पाण्यात सोडले की लाल ऑक्साइड बदलून काळे होई. रसायनशास्त्रात त्याला मॅग्नेटाइट म्हणतात. सुटी भुकटी बारीक तारांच्या ब्रशाने झाडायची, पुन्हा द्रावण, पुन्हा गंज, पुन्हा उकळी. अशा बऱ्याच फेऱ्यांनंतर पोलादावर रंग बसे. हा थर तेल धरून ठेवतो, आणि तेल आहे तोवरच टिकतो. तेल वाळले की ज्या हवा-पाण्याने तो रंग दिला, तेच त्याला खायला लागतात.

वापरलेल्या पिस्तुलांची पारख करणाऱ्यांचे सारे कसब यातच आहे. मुद्दाम चढवलेला गंज कोणता, आपसूक आलेला कोणता आणि कोणीतरी दडवलेला कोणता, हे त्यांना हातात घेतल्या घेतल्या ओळखावे लागते.

पारखीची सुरुवात मात्र जिवाच्या धास्तीतून झाली. नळी फुटली की बार उडवणाऱ्याची बोटे जात, कधी डोळे जात. लंडनच्या बंदूक बनवणाऱ्यांच्या संघाला १६३७ मध्ये राजाची सनद मिळाली आणि तिच्यासोबत नळ्या तपासण्याचा अधिकारही आला. आजच्या बेल्जियममधल्या लिएज शहरात १६७२ मध्ये अशीच तपासणी सक्तीची झाली. बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी १८१३ मध्ये पार्लमेंटकडून स्वतःचे प्रूफ हाउस मंजूर करून घेतले. बॅनबरी स्ट्रीटवर ते अजून चालू आहे. तिथली पद्धत साधी आणि कठोर होती. नेहमीपेक्षा बराच जास्त दाब देणारा बार भरून उडवायचा, आणि नळी तगली तर ती उजेडाकडे धरून आतून-बाहेरून निरखायची. दाब सोसल्याचा एक ठसा, नजरेखालून गेल्याचा दुसरा. या दुसऱ्या ठशात मुकुटाखाली 'व्ही' हे अक्षर असे.

ब्रिटिश कायद्याने या ठशांना मुदत घातली नाही, अट घातली. झीज, गंज किंवा फेरफार यांमुळे नळी कमजोर झाली, तर जुना ठसा असूनही ते शस्त्र विकता येत नाही; ते पुन्हा प्रूफ हाउसला न्यावे लागते. आतला गंज काढण्यासाठी नळी कोरून मोठी केली आणि ती ठरल्या मापाबाहेर गेली, तरी तेच. सेकंडहँड वस्तूच्या विक्रीत गिऱ्हाइकाचा जीव सांभाळणारा इतका जुना आणि इतका स्पष्ट नियम दुसऱ्या फारशा धंद्यांत सापडत नाही.

प्रूफ हाउसला रंग किती उरला याच्याशी कर्तव्य नव्हते. ती नजर आली संग्राहकांबरोबर. पहिले महायुद्ध संपले तेव्हा दोस्तांच्या सैनिकांनी जर्मन अधिकाऱ्यांची ल्यूगर पिस्तुले आठवण म्हणून सामानातून घरी नेली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा तेच घडले. अमेरिकेत तर कित्येक घरांतल्या ट्रंकांमध्ये ती विसावली. मग १९५३ मध्ये सॅम्युएल कमिंग्ज या तरुणाने इंटरआर्मको ही कंपनी काढली. सरकारांनी मोडीत काढलेली शस्त्रे घाऊक विकत घ्यायची आणि अमेरिकी गिऱ्हाइकाला किरकोळीत विकायची, हा तिचा व्यवसाय. व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाला, पोटोमॅक नदीच्या काठावर त्याची गोदामे होती. मासिकांत जाहिराती येत आणि टपालाने मागणी पाठवली की पिस्तुले घरपोच मिळत. गिऱ्हाइकाने वस्तू पाहिलेली नसे. त्याच्यापुढे असे ते जाहिरातीत छापलेले 'गुड' किंवा 'व्हेरी गुड' एवढेच.

म्हणून या शब्दांना नेमका अर्थ असणे गरजेचे झाले. अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनने तो ठरवून दिला, आणि आजही सौद्यांत त्याच श्रेणी चालतात. जुन्या, संग्रहणीय शस्त्रांसाठी मूळ झिलईची टक्केवारी पाहतात: सर्व भाग मूळचे आणि ८० टक्क्यांहून अधिक झिलई शाबूत असेल तर 'एक्सलंट', ३० टक्क्यांहून अधिक असेल तर 'फाइन'. वापरायच्या शस्त्रांची मोजपट्टी वेगळी. 'व्हेरी गुड'मध्ये गंजाचे खड्डे अजिबात चालत नाहीत. 'गुड'मध्ये चालतात, पण त्यांनी कामात अडथळा येता कामा नये. त्याखालच्या 'फेअर'ची व्याख्या सर्वांत विचार करायला लावणारी आहे. तिच्यात खड्डे असले तरी हरकत नाही, पण गंज असता कामा नये. खड्डा ही थांबलेली हानी आणि गंज ही चालू असलेली हानी, हा फरक त्या एका ओळीत पकडला आहे. नवशिक्याला खड्ड्यांची किळस येते आणि पातळ तांबूस डागाकडे तो दुर्लक्ष करतो. जाणकार आधी डाग पाहतो.

नळीच्या आतल्या गंजाची गोष्ट तर एखाद्या तपासकथेसारखी आहे. काळ्या दारूच्या काळात बार उडवल्यावर नळीत राख आणि काजळीचा जाड लेप बसे. शिपाई ती गरम पाण्याने धुऊन, पुसून, तेल लावत. पाणी चुकले की नळी गंजे, हे सर्वांना ठाऊक होते. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू तयार केली. नळी स्वच्छ राहू लागली, म्हणून धुणे मागे पडले, आणि नळ्या पूर्वीपेक्षा वेगाने गंजू लागल्या. तेल लावून ठेवलेली पिस्तुलेसुद्धा आठवड्याभरात आतून लाल होत. संशय साहजिकच नव्या दारूवर गेला. ती नायट्रिक आम्लापासून बनते, तेव्हा मागे आम्ल राहत असणार, असा तर्क झाला. जर्मन सैन्यासाठी १९०४ मध्ये तयार झालेले बॅलिस्टॉल हे अल्कधर्मी तेल त्याच काळातले.

खरा दोषी काडतुसाच्या बुडाशी होता. चाप ओढला की घोडा ज्या लहानशा टोपीवर आदळतो, तिच्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते पेट घेताना ऑक्सिजन सोडते आणि मागे पोटॅशियम क्लोराइड उरते. हे मीठच, स्वयंपाकघरातल्या मिठाचा सख्खा भाऊ. काळ्या दारूच्या जाड राखेत ते विखुरले जाई आणि पाण्याबरोबर धुऊन जाई. बिनधुराच्या दारूने त्याला आडोसा ठेवला नाही आणि धुणेही बंद केले. मीठ तेलात विरघळत नाही, म्हणून तेलाच्या थराखाली ते निवांत बसे आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाणी ओढू लागे. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्सचे विल्बर्ट हफ यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधपत्रात हे सिद्ध केले. नळी कोरड्या हवेत ठेवली तर न पुसताही गंजत नाही आणि दमट हवेत तेलाखालीही गंजते, ही त्यांच्या निष्कर्षांतली कळीची गोष्ट. पाण्याने धुणारे जुने शिपाई बरोबर होते. ब्रिटिश फौजेत बंदुकीच्या नळीत उकळते पाणी ओतण्याची रीत पुढेही टिकली, ती यामुळेच.

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीत 'सिनॉक्सिड' आणि अमेरिकेत रेमिंग्टनची 'क्लीनबोअर' अशा क्लोरेटविरहित टोप्या बाजारात आल्या. सैन्याने मात्र साठवणुकीत टिकाऊ म्हणून जुन्या टोप्या सोडल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धातली .४५ ची बहुतेक अमेरिकी काडतुसे क्लोरेटचीच होती. पूर्ण बदल १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला झाला. पारख करणाऱ्याला या तारखा पाठ असाव्या लागतात. पिस्तुलाच्या गोळीचा वेग रायफलच्या मानाने बराच कमी असतो, त्यामुळे नळीतले पीळदार आटे गोळ्यांनी झिजून गेले असे क्वचित घडते. आटे बोथट आणि काळवंडलेले दिसले तर बहुतेक वेळा ते न धुतलेल्या मिठाचे काम असते. 'फार वापरले आहे' असे विक्रेता म्हणतो तेव्हा खरे उत्तर 'वापरून धुतले नाही' हे असते.

बाहेरची झीज वाचायला अधिक मजा येते, कारण तिच्यात माणूस दिसतो. चामडी होल्स्टरमधून आत-बाहेर होताना नळीच्या तोंडाची कड आणि बाजूंच्या धारा प्रथम उघड्या पडतात. मुठीची पुढची पट्टी तळहाताच्या घामाने तपकिरी होते. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर त्याला अडवणारी खिट्टी घासून एक बारीक चमकदार रेघ उमटते. ती खाचांच्या मधोमध सलग असेल तर नेहमीची झीज, खोल आणि फाटकी असेल तर आतल्या यंत्रणेची वेळ चुकते आहे. बरीच वर्षे होल्स्टरमध्येच पडून राहिलेले पिस्तूल एका अंगाने खड्डेदार निघते. कमावलेल्या चामड्यातली आम्ले आणि क्षार ओल धरून पोलादाला चिकटलेले असतात. ओल मुठीच्या लाकडी पट्ट्यांखालीही साचते, म्हणून जाणकार आधी त्यांचे स्क्रू काढायला सांगतो. वरून ऐंशी टक्के झिलई दाखवणाऱ्या पिस्तुलाची पट्टी उघडली की खाली साचलेला घाम आणि लाल भुकटी सापडते, आणि किंमत तिथेच खाली येते.

ल्यूगरमध्ये तर वाचण्यासारखे फार आहे. सैन्यासाठी बनलेल्या पिस्तुलाच्या लहानसहान भागांवरही मूळ क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात, लाकडी पट्ट्यांच्या आतल्या बाजूलाही. जर्मन साम्राज्याच्या काळात सोबत दोन मॅगझिन मिळत, त्यांवरही क्रमांक असे आणि दुसऱ्यावर अधिकचे चिन्ह. चाप, सुरक्षेची कळ असे काही लहान भाग उष्णता देऊन पिवळसर केलेले असत. नळीवर क्रमांकाचा ठसा मारल्यावर भोवतीचे पोलाद किंचित फुगते आणि तिथे फिकट वलय दिसते. १९३० मध्ये हे उत्पादन ओबेर्नडोर्फच्या माउझर कारखान्यात गेले आणि १९३७ च्या सुमारास गंज चढवण्याची संथ पद्धत सोडून उकळत्या क्षारांत बुडवण्याची जलद पद्धत आली. पिवळसर भागही तेव्हापासून काळे झाले. म्हणजे १९१७ च्या ल्यूगरचा चाप काळा कुळकुळीत असेल, तर पिस्तूल नंतर कोणीतरी रंगवले आहे.

घासणारा हात कितीही सफाईदार असो, खुणा मागे राहतात. कोपरे गोलावतात. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात. अक्षरांच्या धारा विरतात आणि ठशाभोवतीचे ते वलय नाहीसे होते. सर्वांत ठळक पुरावा म्हणजे रंगाखालचे खड्डे, कारण खड्डे पडलेल्या पोलादावर कारखाना कधी रंग चढवत नसे. सोव्हिएत फौजांनी युद्धात हस्तगत केलेली ल्यूगर आणि वॉल्थर पिस्तुले दुरुस्त करून, सरसकट काळ्या क्षारांत बुडवून कोठारांत ठेवली गेली. अनेक दशकांनी ती पाश्चात्त्य बाजारात आली तेव्हा लांबून नवीकोरी वाटत, पण जवळून पाहिले की रंगाखाली खड्डे, काळे झालेले चाप आणि एकमेकांशी न जुळणारे क्रमांक दिसत, काहींवर तर विजेच्या लेखणीने नवे आकडे कोरलेले. त्यांत फसवणूक नव्हती. ते सैन्याचे काटकसरीचे काम होते आणि त्या पिस्तुलांचा तोही इतिहासच आहे. फसवणूक तिथे आहे, जिथे आकडे घासून जुळते नवे ठोकले जातात आणि 'सर्व भाग मूळचे' म्हणून पैसे घेतले जातात.

उलट बाजूनेही चूक होते. अमेरिकी कोल्ट १९११ पिस्तुलाची सुरुवातीची वर्षे आरशासारख्या झिलईची. युद्धाची घाई वाढल्यावर १९१८ मध्ये कोल्टने घासकाम आखडते घेतले; त्या पिस्तुलांवर हत्याराचे ओरखडे तसेच आहेत आणि वरचा काळा रंग टिकाऊ नसल्याने पापुद्र्यांनी गळतो. संग्राहक त्यांना 'ब्लॅक आर्मी' म्हणतात. ओरखडे दिसले म्हणून असे पिस्तूल 'खराब' ठरवणारा माणूस मूळ वस्तू नाकारतो आणि नंतर गुळगुळीत घासलेली वस्तू पसंत करतो. पुढे सरकारी आर्सेनलांत असंख्य १९११ पिस्तुले सुटी करून, भाग बदलून, फॉस्फेटच्या करड्या थराने झाकून परत दिली गेली. 'एए', 'आरआयए' अशा ठशांवरून ऑगस्टा किंवा रॉक आयलंड ओळखता येते. याच घराण्यातली अतिशय दुर्मीळ पिस्तुले शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीची. १९४१ मध्ये तिने चाचणी म्हणून फक्त ५०० बनवली. मूळ झिलईतल्या सिंगर पिस्तुलाला लिलावात लाखो डॉलर मिळतात. तेच पिस्तूल कोणी हौसेने घासून नवे केले असेल, तर त्या रकमेचा बराच भाग त्या हौसेबरोबर जातो.

ब्रिटनमध्ये हा सारा व्यवहार एका झटक्यात आक्रसला. डनब्लेनच्या शाळेत १९९६ मध्ये झालेल्या हत्याकांडानंतर १९९७ च्या कायद्यांनी खासगी हातातली जवळजवळ सगळी पिस्तुले बंद केली आणि दीड लाखाहून अधिक पिस्तुले सरकारजमा झाली. ऐतिहासिक मोलाच्या काहींना सवलत होती. बाकीची वितळवली गेली, आणि त्यांत बर्मिंगहॅममध्येच घडलेली वेब्ली रिव्हॉल्व्हर होती. त्या निर्णयामागचे दुःख इतके मोठे होते की शस्त्रांच्या मोलाची चर्चा तिथे गौण ठरली, आणि ते योग्यच होते.

वेब्लीमुळे ही कथा आपल्याकडे येते. ब्रिटिश हिंदी फौजेतल्या आणि पोलिसांतल्या अधिकाऱ्यांच्या कमरेला हेच रिव्हॉल्व्हर असे. पुण्याजवळच्या खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, आणि 'केएफ' ठशाची तिथली काडतुसे देशभर गेली; जुन्या .३०३ च्या टोपीत तेच क्लोरेट होते. सैन्याचे .४५५ वेब्ली आणि ९ मिलिमीटरचे ल्यूगर भारतात प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. आपल्याकडच्या परवानाधारक घरांत प्रामुख्याने .३२ ची वेब्ली सापडतात. १९८० च्या दशकाच्या मध्यावर खासगी आयात जवळजवळ थांबली, त्यामुळे कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या नव्या रिव्हॉल्व्हरपेक्षा आजोबांच्या वेब्लीला जास्त मागणी राहिली. २०२० मध्ये वेब्ली अँड स्कॉटच्या नावाने उत्तर प्रदेशातल्या संडीला इथे .३२ रिव्हॉल्व्हर बनू लागले, तरी जुन्याची ओढ कमी झालेली नाही. वेब्ली मधोमध मोडून उघडते, म्हणून तिची पारख बिजागरीपासून करतात. बंद करून नळी हलवून पाहिली आणि खडखड आली, तर बिजागरीची खीळ किंवा वरची कडी झिजली आहे. तो दोष रंगात दिसत नाही.

कोकणात प्रश्न वेगळा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणासाठी परवान्याच्या बंदुका आहेत, त्यांत ठासणीच्या बऱ्याच. काळी दारू, टोपी आणि चार महिने पाऊस. जुलैतली आर्द्रता मिठाला पाणी ओढायला लावणाऱ्या त्या ८५ टक्क्यांच्या वर सहज जाते. ब्यूरो ऑफ माइन्सने जे प्रयोगशाळेत दाखवले, ते इथल्या घराच्या माळ्यावर दर पावसाळ्यात घडते.

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच शस्त्रांची मुभा राहिली, वारसाने आलेलीही त्यातच धरून. परवानाधारक वारला तर शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे कायद्याने बंधनकारक आहे. वारसाने परवान्यासाठी अर्ज नंतर करायचा. नेमक्या याच वेळी घरातले कोणीतरी 'जरा साफ करून देतो' म्हणून पॉलिशपेपर हातात घेते. कृपया तसे करू नका. आधी जाणत्या माणसाकडून शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून घ्या, ते होल्स्टरमधून बाहेर काढा, सुती फडक्याने पातळ तेलाचा हात द्या आणि थांबा. तांबूस डाग तेलात भिजवून मऊ फडक्याने जेवढा निघेल तेवढाच काढावा, काळा झालेला तसाच राहू द्यावा. क्रमांकाजवळ तर काहीच घासू नये. शस्त्रावरचा ओळखक्रमांक पुसणे किंवा बदलणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे.